गाडी कोणत्या सालची? मेळ्यात घेताना आणि पुढे विकताना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या काकूंनी काकांची गाडी विकायला काढली. काका जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. काकू स्वतः चालवत नाहीत, मुलगा पुण्यात. गाडी अंगणात झाकून ठेवलेली होती आणि चालली होती अवघी एकतीस हजार किलोमीटर. २०२० च्या जानेवारीत ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेतलेली. पहिल्या दिवशी काकू बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढत आहेत, असा फोटो अजून दिवाणखान्यात आहे. त्यामुळे घरात सगळे तिला 'वीसची गाडी' म्हणत आणि गिऱ्हाइकांनाही तसेच सांगितले होते.

एक गृहस्थ आले, गाडी बघितली, चालवून पाहिली, भाव जवळजवळ ठरला. मग त्यांनी आरसी हातात घेतली आणि म्हणाले, "आंटीजी, ये तो उन्नीस मॉडल है." नोंदणीची तारीख जानेवारी २०२० चीच होती, पण निर्मितीच्या रकान्यात ११/२०१९ असे छापलेले होते. त्यांनी तिथल्या तिथे चाळीस हजार कमी केले. काकूंना पैशांपेक्षा जास्त लागले ते हे, की आपण खोटे बोललो असे त्या माणसाला वाटले. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला, "अरे, ह्यांना मेळ्यात कुणी फसवलं होतं का रे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बऱ्याच गोष्टी समजल्या. मेळा जवळ आला आहे, आपल्यापैकी अनेक घरांत नवी गाडी घेण्याची आणि जुनी काढण्याची बोलणी सुरू असतील. म्हणून त्या सगळ्यांसाठी लिहीत आहे.

एका गाडीची तीन वर्षे

आपल्या भागात जुनी गाडी बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कौन-सा मॉडल है?" त्याला गाडीचे नाव नको असते, ते त्याला समोर दिसतच असते. त्याला साल हवे असते. 'अठरा मॉडेल', 'एकवीस मॉडेल' असेच आपण बोलतो. पण प्रत्येक गाडीला एक नव्हे, तीन साले असतात आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिले निर्मितीचे. कारखान्यातून गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बाहेर पडली ते. हे आरसीवर महिना आणि वर्ष असे लिहिलेले असते आणि ते कधीच बदलत नाही.

दुसरे नोंदणीचे. आरटीओने गाडीला पहिल्यांदा नंबर दिला ती तारीख. आपल्या आठवणीत हेच साल राहते, कारण पूजा, पेढे, फोटो सगळे त्याच सुमाराला झालेले असते.

तिसरे आवृत्तीचे. त्या नावाची गाडी कंपनीने शेवटची कधी बदलली, आणि तुमची गाडी त्या बदलाच्या आधीची की नंतरची. हे आरसीवर सालाच्या रूपात कुठेच लिहिलेले नसते, पण जाणकार गिऱ्हाइकाच्या डोक्यात असते.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिकडे 'मॉडेल इयर' ही वेगळी पद्धत आहे. २०२५ च्या शरद ऋतूत दुकानात आलेली गाडी तिकडे सर्रास '२०२६ मॉडेल' म्हणून विकली जाते आणि चेसिस नंबरातले दहावे अक्षर ते वर्ष दाखवते. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे बाजारात मॉडेलचे साल म्हणजे निर्मितीचे कॅलेंडर वर्ष. मुलगा फोनवर जे सांगेल ते तिकडे बरोबर असेल, इकडे लागू होईलच असे नाही.

बाजार कोणते साल मोजतो

जुन्या गाड्यांचा बाजार निर्मितीचे साल मोजतो, आणि तेही वर्षाच्या गोल आकड्यात. डिसेंबर २०२५ मध्ये बनलेली आणि जानेवारी २०२६ मध्ये बनलेली अशा दोन गाड्यांत प्रत्यक्षात काही आठवड्यांचा फरक असेल. बाजारात मात्र एक 'पंचवीस' आणि दुसरी 'सव्वीस', म्हणजे सरळ एक वर्षाचा फरक. उलट जानेवारी २०२५ आणि डिसेंबर २०२५ या दोन गाड्यांत अकरा महिन्यांचे अंतर असून दोघी 'पंचवीस'च.

हे अन्यायाचे वाटते, पण त्यामागे कारणे आहेत. नोंदणीची तारीख गाडी विकली कधी यावर अवलंबून असते. डीलरच्या आवारात गाडी वर्षभर उभी राहिली तरी नोंदणी नव्या वर्षाची होऊ शकते. उभ्या गाडीचे टायर, रबराचे भाग, बॅटरी यांचे वय वाढतच असते. म्हणून गिऱ्हाईक जे साल कुणाच्या सोयीने बदलत नाही ते धरतो. दुसरे म्हणजे जुन्या गाडीवर कर्ज देणाऱ्या अनेक संस्था कर्ज फिटेपर्यंत गाडीचे वय ठरावीक मर्यादेच्या आत राहावे अशी अट घालतात. गाडी एक वर्षाने जुनी ठरली की कर्जाची मुदत कमी होते आणि घेणारेही कमी होतात. तिसरे कारण अगदी साधे. आज जो तुमच्याकडून गाडी घेतो आहे त्याला ती उद्या कुणाला तरी विकायची आहे, आणि त्यालाही हाच प्रश्न विचारला जाणार आहे.

म्हणजे नोव्हेंबरात बनलेल्या गाडीचे जे पैसे कमी होतात, ते इंजिनात काही खोट आहे म्हणून होत नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे ते पैसे असतात.

कायदा आणि विमा काय मोजतात

कायदा मात्र नोंदणीची तारीख धरतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. काकांच्या गाडीची नोंदणी २०३५ च्या जानेवारीपर्यंत आहे, ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बनली म्हणून त्यात दोन महिने कमी झालेले नाहीत.

१५ वर्षांची ही रेषाही किमतीवर परिणाम करते. १ एप्रिल २०२२ पासून अशा जुन्या कारच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या गाडीचा भाव ठरवताना गिऱ्हाईक पुढच्या खर्चाचा विचार आधीच करतो.

विम्यात गाडीची एक किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर तिच्या आधाराने भरपाई मिळते. ती कंपनीच्या चालू किमतीतून ठरावीक टक्के वजा करून काढतात:

- सहा महिन्यांपर्यंत: ५ टक्के
- सहा महिने ते एक वर्ष: १५ टक्के
- एक ते दोन वर्षे: २० टक्के
- दोन ते तीन वर्षे: ३० टक्के
- तीन ते चार वर्षे: ४० टक्के
- चार ते पाच वर्षे: ५० टक्के

पाच वर्षांच्या पुढे ती रक्कम विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. अनेकजण पॉलिसीवरचा हा आकडा दाखवून 'माझ्या गाडीची किंमत एवढी आहे' म्हणतात. तो बाजारभाव नव्हे. चांगल्या खपाची गाडी त्याहून जास्तीला जाते, न खपणारी कमीला. सुरुवातीचा अंदाज म्हणून तो धरावा, त्यावर अडून बसू नये.

डिसेंबरची सूट: घ्यावी की सोडावी?

वर्ष संपत आले की डीलरकडे त्या सालचा माल शिल्लक असतो. १ जानेवारीला तोच माल 'गेल्या सालचा' होणार हे त्यांनाही माहीत असते. म्हणून डिसेंबरात सूट मिळते, आणि जानेवारीत जुन्या सालचा माल उरला असेल तर कधी कधी आणखी मिळते. नव्या वर्षात बहुतेक कंपन्या किमती थोड्या वाढवतात, तो फायदा वेगळा.

मग सूट घ्यावी की नाही? हे एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: गाडी किती वर्षे ठेवणार.

एक हिशोब करून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतील. आठ लाखांची गाडी आहे. समजा पहिल्या वर्षी तिची किंमत १५ टक्क्यांनी आणि पुढे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १० टक्क्यांनी कमी होते. तुमच्यासमोर दोन गाड्या आहेत. एक नोव्हेंबर २०२५ मध्ये बनलेली, ४५,००० रुपये सुटीसह. दुसरी जानेवारी २०२६ मध्ये बनलेली, सूट नाही. दोन्हींची नोंदणी जानेवारी २०२६ चीच होणार आहे.

तीन वर्षांनी, २०२९ च्या सुरुवातीला विकली तर 'सव्वीस' गाडी तीन वर्षांची धरली जाईल, साधारण ५ लाख ५१ हजार. 'पंचवीस' चार वर्षांची, साधारण ४ लाख ९६ हजार. फरक ५५,०००. म्हणजे ४५,००० ची सूट घेऊनही दहा हजारांचा तोटा.

नऊ वर्षांनी विकली तर 'सव्वीस' साधारण २ लाख ९३ हजार आणि 'पंचवीस' २ लाख ६३ हजार. फरक ३०,०००. सूट ४५,००० ची होती, तेव्हा पंधरा हजारांचा फायदा. शिवाय इतक्या जुन्या गाडीत लोक सालापेक्षा तिची अवस्था जास्त बघतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा फरक आणखी कमी भरतो.

म्हणून साधा नियम असा. तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर चालू सालची गाडी घ्या, नाहीतर सूट इतकी मोठी मागा की एका वर्षाचा उतार भरून निघेल. आठ-दहा वर्षे वापरणार असाल, आणि आपल्या बहुतेक घरांत तसेच होते, तर जुन्या सालची गाडी निर्धास्त घ्या, पण सूट घेतल्याशिवाय घेऊ नका. जानेवारीत नोंदणी होते म्हणून पूर्ण किमतीला गेल्या सालची गाडी गळ्यात मारून घेणे, एवढेच टाळायचे.

सालाच्या आतल्या रेषा

काही वेळा एकाच सालच्या दोन गाड्यांत साल सारखे असूनही मोठा फरक असतो. या रेषा माहीत असल्या तर घेताना आणि विकताना दोन्ही वेळा उपयोग होतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद झाली, बीएस-६ सुरू झाल्या. काही कंपन्यांनी २०१९ मध्येच बीएस-६ पेट्रोल गाड्या विकायला सुरुवात केली होती. त्यामुळे '१९ मॉडेल' बीएस-४ ही असू शकते आणि बीएस-६ ही. नव्या पद्धतीच्या आरसीवर ते छापलेले असते, तेवढे बघावे.

सुरक्षेचेही तसेच. १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग, मागे गाडी घेताना वाजणारा सेन्सर आणि सीट बेल्टची आठवण देणारी सोय सक्तीची झाली. पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग जुन्या चालीच्या मॉडेलना २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. म्हणजे '२१ मॉडेल'मध्ये समोर दोन एअरबॅग असतीलच असे नाही, बघूनच घ्यावे.

१ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा सुरू झाला आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारे भाग बसवणे सुरू झाले. त्याआधीची गाडी घेताना ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आवृत्तीचे उदाहरण म्हणून स्विफ्ट घ्या. तिची नवी आवृत्ती मे २०२४ मध्ये आली. त्याआधीच्या महिन्यांत बनलेली आणि नंतर बनलेली, दोन्ही 'चोवीस मॉडेल'च, पण एक जुन्या चेहऱ्याची आणि दुसरी नव्या. नवी आवृत्ती यायच्या आधीच्या काही महिन्यांत जुनीवर मोठी सूट मिळते, तिचे कारण हेच असते. नवी आवृत्ती आली की जुनीचा भाव साल न बदलताही घसरतो.

आणि नव्या गाडीची किंमत बदलली की जुनीची आपोआप बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वरचा उपकर यांऐवजी १८ टक्के झाला. शोरूममधली गाडीच स्वस्त झाल्यावर तिची दोन वर्षांची जुनी बहीण पूर्वीच्या भावाला कशी जाईल? ज्यांनी त्याआधी भरपूर किंमत देऊन गाडी घेतली त्यांना हे कडू वाटेल, पण बाजार तुम्ही किती दिले ते बघत नाही, आज नवी कितीला मिळते ते बघतो.

याच न्यायाने जी कंपनी देशातून गेली तिच्या गाड्यांचा भाव सालाला धरून राहत नाही. शेव्हरोलेची इथली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करायचे जाहीर केले. गाड्या चांगल्या असून गिऱ्हाईक सुट्या भागांच्या काळजीने हात आखडता घेतो. अशी गाडी ठेवायला घ्यायची असेल तर स्वस्तात मिळते. लवकर विकायला मात्र घेऊ नये.

मेळा आणि गाडीचे साल

आता आपल्या मेळ्याकडे येऊ. १९०५ मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी गुरांचा बाजार म्हणून सुरू केलेल्या या मेळ्यात आज सर्वांत जास्त गर्दी मोटारींच्या दालनांत असते. अलीकडच्या मेळ्यांत मध्य प्रदेश शासनाने गाड्यांच्या आजीवन करात ५० टक्के सूट दिली आहे. दरवर्षी त्यासाठी वेगळा आदेश निघतो आणि गाडीची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत व्हावी अशी अट असते. म्हणून इंदूर-भोपाळचे लोकही इकडे येतात आणि ०७ चा नंबर घेऊन जातात.

मेळा साधारण २५ डिसेंबरच्या सुमाराला सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. म्हणजे तो बरोबर साल बदलण्याच्या रेषेवर उभा आहे. तिथे गेल्या सालचा माल भरपूर असणार हे उघड आहे. करातली सूट आणि जुन्या सालची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र होऊ देऊ नका. करातली सूट शासन देते, ती कोणत्याही सालच्या गाडीला मिळते. जुन्या सालची सूट डीलरने द्यायची असते. 'टॅक्स तो आधा हो ही गया साहब' असे म्हणून दुसरी सूट गिळली जाण्याची शक्यता असते. दोन्ही आकडे कागदावर वेगवेगळे लिहून मागा.

जुनी गाडी काढायची असेल तर मेळ्यापूर्वी काढा. मेळा सुरू झाला की नवी गाडी अर्ध्या करात मिळते, तेव्हा जुनीला मागणी कमी होते, आणि १ जानेवारी उलटली की तुमची गाडी आणखी एका वर्षाने जुनी धरली जाते. दसरा-दिवाळीच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकणे हे दोन्ही बाजूंनी सोयीचे.

दिल्लीची स्वस्त गाडी

आपल्या शहराला दिल्ली जवळ असल्याने इथल्या बाजारात दिल्लीच्या डिझेल गाड्या बऱ्याच येतात. आठ-नऊ वर्षांची मोठी गाडी इतक्या कमी किमतीत बघून मोह होतो. ती स्वस्त का, तर सालामुळेच. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांच्या पुढच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे तिथल्या मालकाला दहा वर्षे भरायच्या आत गाडी बाहेर काढायची घाई असते. या बंदीच्या अंमलबजावणीबाबत २०२५ मध्येही न्यायालयात आदेश झाले आहेत, म्हणून व्यवहाराआधी त्या दिवसाचा नियम विचारून घ्या.

ग्वाल्हेर या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे गाडी इथे वापरता येते. पण तीन गोष्टी हिशोबात धरा. तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. मध्य प्रदेशात नोंदणी करताना इथला कर भरावा लागेल. आणि मुलगी गुरुग्राम-नोएडाला असेल तर तिच्याकडे ही गाडी घेऊन जाता येईल का, ते आधी विचारून घ्यावे लागेल. हे सगळे मिळवूनही ती स्वस्त पडत असेल, तर जरूर घ्या.

साल कसे तपासायचे

नवी गाडी घेताना पैसे पूर्ण देण्याआधी या गोष्टी बघा.

पहिली, विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१. त्यात निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिण्याचा रकाना असतो. बुकिंग करतानाच 'अमुक सालात बनलेली गाडी' असे पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्द नंतर कुणाला आठवत नाही.

दुसरी, चेसिस नंबर. त्यात साल आणि बहुतेक वेळा महिनाही सांकेतिक अक्षरात असतो. कोणते अक्षर कुठे ते कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून ज्या गाडीचे बिल होणार तिचाच नंबर घेऊन दुसऱ्या एखाद्या सर्व्हिस सेंटरवर विचारता येते.

तिसरी, टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ४२२५ म्हणजे २०२५ च्या ४२ व्या आठवड्यात बनलेला. चारही टायर गाडीच्या सालाशी जुळणारे असावेत. जुन्या गाडीतही याचा उपयोग होतो. २०२२ ची गाडी, बारा हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि टायर २०२५ चे, तर मीटरबद्दल प्रश्न विचारायलाच हवा.

गेल्या सालची गाडी नवी म्हणून पूर्ण किमतीला दिली असे लक्षात आले, तर आधी डीलरला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पुढे ग्राहक आयोग आहेच. पण त्या वेळी हातात पावती असावी लागते.

विकताना

जाहिरात देताना किंवा ओळखीत सांगताना दोन्ही साले सांगा: 'निर्मिती नोव्हेंबर १९, नोंदणी जानेवारी २०'. आपणच आधी सांगितले तर गिऱ्हाइकाला आरसी बघून तोंड वाकडे करायला जागा राहत नाही आणि आपल्यावर खोटेपणाचा डाग येत नाही. साल आपल्या हातात नसते, पण बाकीचे असते. सर्व्हिसची सगळी बिले, एकच मालक असणे, विम्याचा दावा न घेतलेला असणे, कमी चालणे. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर हा बाजाराचा सर्वसाधारण हिशोब. त्याहून खूप कमी चाललेली गाडी एका सालाचा फरक बऱ्याच अंशी भरून काढते.

व्यवहार झाल्यावर मालकी बदलल्याशिवाय गप्प बसू नका. विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. नाव बदलले नाही आणि अपघात झाला तर नोंदीवर ज्याचे नाव तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मालक वारले असतील तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, मगच विकता येते. काकूंचे दोन महिने यातच गेले.

काकांची फाइल

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी काकांच्या कपाटातल्या हिरव्या फाइलमध्ये मिळाले. डीलरचे बिल होते, त्यात 'जुना स्टॉक, सूट ४२,०००' अशी वेगळी ओळ होती. मागच्या बाजूला काकांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिले होते, 'नोव्हें. १९ ची आहे. दहा वर्षे वापरायची.'

त्यांना कुणी फसवले नव्हते. सगळा हिशोब त्यांनी करूनच गाडी घेतली होती. घरात कुणाला सांगितले मात्र नव्हते, आणि दहा वर्षे त्यांना मिळाली नाहीत.

ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा काकूंनी आरसीवरची बीएस-६ ची नोंद आणि सर्व्हिसची सगळी बिले त्यांच्यापुढे ठेवली. कमी केलेल्या चाळीस हजारांतले पंधरा हजार त्यांनी वाढवून दिले. म्हणजे सालापायी गेले पंचवीस हजार, आणि काकांनी सुरुवातीलाच वाचवले होते बेचाळीस. काकूंनी हा हिशोब दोनदा माझ्याकडून करून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं बरोबरच होतं."

मेळ्यात गाडी घेणार असाल तर तिचे निर्मितीचे साल, मिळालेली सूट आणि किती वर्षे ठेवायची ते एका कागदावर लिहा. तो कागद आरसीच्या झेरॉक्ससोबत फाइलमध्ये ठेवा, आणि घरात दुसऱ्या एकाला तरी सांगून ठेवा.